टेकडीवरची दुर्बीण निघाली तेव्हा

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होऊन मला फार दिवस झाले नव्हते. एके दुपारी हैदराबाद रस्त्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री भाजलेला हात घेऊन आले. पांढरी दाढी, तेलकट खाकी सदरा, आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोललेली. मी मलमपट्टी करत होते तेवढा वेळ त्यांनी हूं की चूं केलं नाही. पट्टीची गाठ मारून झाल्यावर मात्र म्हणाले, "बाई, चाँद पाह्यला का तुमी?"

"चाँद कोनं नाई पाह्यला, चाचा?"

"तसा नाई. जवळून. पहाड दिसते त्यातले. त्याच्याचपायी तं हात जळला. दुर्बिनीचं वेल्डिंग करून राह्यलो होतो."

मला वाटलं माणूस तापात बोलतोय. कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मी मूळची बाभुळगावची. छप्पन साली आमच्या घरानं नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली आणि परत आल्यावर बाबांनी पंचांग पाहणं सोडून दिलं. "ग्रह आपल्या वाटेनं जाते, आपन आपल्या वाटेनं जाऊ," एवढंच ते म्हणाले. पुढं नर्सिंगचं शिक्षण संपवून मी या गावात आले, तेव्हा आभाळाशी माझं काही देणंघेणं उरलं नव्हतं. पण मिस्त्रींचा तो प्रश्न मनातून जाईना. पुन्हा पट्टी बदलायला आले तेव्हा मीच विचारलं, "कुठं हाये तुमची दुर्बीन?"

ती गावाबाहेरच्या टेकडीवर होती. पायथ्याला कापसाची शेतं, चढणीवर पळस आणि साग, आणि माथ्यावर एक टिनाचं शेड. त्याचं छप्पर कापसाच्या जुन्या जिनिंग गिरणीतल्या ट्रॉलीच्या रुळांवर बसवलेलं होतं. दोघांनी ढकललं की ते गडगडत बाजूला जायचं आणि आत एकदम आभाळ उतरायचं. त्या शेडला वेधशाळा म्हणणारे गावात एकटे सरच. बाकी सगळे 'दुर्बिनीचं टिन' म्हणत.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. पन्नाशीचे, उंच, जरा पोक आलेले. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, मूलबाळ नव्हतं. मुंबईच्या जहाजांच्या भंगारातून त्यांनी जाड काचेच्या दोन चकत्या मिळवल्या होत्या. रिकाम्या पिंपावर एक चकती ठेवायची, तिच्यावर दुसरी, मध्ये खरखरीत भुकटी आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासत राहायचं. दोन हिवाळे सर असे फिरले. त्यातून परातीएवढा आरसा तयार झाला, मध्ये किंचित खोलगट, इतका किंचित की नुसत्या डोळ्याला कळू नये. मिस्त्रींनी पत्र्याची लांब नळी वळवली, आणि ती आभाळभर फिरावी म्हणून मोडीत निघालेल्या ट्रकचा एक्सल तिला जोडला.

"यानं जिंदगीभर सरकी वाहिली," मिस्त्री त्या एक्सलवर थाप मारून म्हणायचे, "आता चाँद वाहून राह्यला."

पहिल्या संध्याकाळी मी लाकडी शिडीवर चढून डोळा लावला, आणि खालची शिडी कोणीतरी काढून घेतली असं मला वाटलं. चंद्र थिजलेल्या पिठल्यासारखा दिसत होता, बुडबुडे फुटून खळगे तसेच राहिलेले. खळग्यांच्या काठांच्या सावल्या आत पडल्या होत्या. सगळा चंद्र वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा हलत होता. मग सरांनी नळी उत्तरेकडे कलती केली. "आता देवयानी, आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा," ते म्हणाले. "पण बाई, तिच्याकडे थेट पाहायचं नाही. नजर जरा बाजूला ठेवा. ती आपणहून येते."

मी बाजूच्या अंधारात पाहत राहिले. आणि खरंच, काचेवर कोणी श्वास सोडावा तसा एक धुरकट उजेड डोळ्याच्या कोपऱ्यात आला. सरळ पाहिलं की विरायचा, नजर काढली की परत यायचा.

"हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर अजून माणूस नव्हता," सर खालून सांगत होते.

टेकडी उतरताना मिस्त्रींचा कंदील पुढं चालत होता, तोही मला फार लांबचा वाटत होता.

त्यानंतरची वर्षं मला आठवतात ती एकमेकांत मिसळूनच, जशी झोपेतली गावं मिसळतात. दवाखान्यातली ड्यूटी संपली की मी टेकडी चढायची. कोणत्या हिवाळ्यात काय पाहिलं ते आता सांगता येणार नाही. वेचणीच्या दिवसांत खालची शेतं चांदण्यात पांढरी दिसायची आणि मला वर-खालीचं भान राहायचं नाही. माघात पळस फुलायचा. हायवेवरून ट्रक जायचे, त्यांचा आवाज टेकडीपर्यंत पोचेस्तोवर मऊ झालेला असायचा. सर पाहायचे, मिस्त्री ग्रीस द्यायचे, मी थर्मासातला चहा ओतायची. कधी कोणी बोलायचं, कधी नाही.

शनिवारी संध्याकाळी गावासाठी शेड उघडं असायचं. बाजाराला आलेल्या कोलाम आदिवासी बायाही एकदा वर आल्या होत्या. एका म्हातारीनं दुर्बिणीला डोळा लावायला साफ नकार दिला आणि सप्तर्षींकडे बोट करून आम्हालाच सांगितलं की ती बाज आहे, म्हातारीची, आणि मागचे तीन ते चोर, बाज पळवून नेताहेत. सरांना ते इतकं आवडलं की पुढं ते वर्गातही तसंच सांगत. एक किराणा दुकानदार शनी पाहायला आले ते तेलाची वाटी घेऊन. त्यांना साडेसाती होती. शिडीवर चढून बराच वेळ पाहिलं आणि उतरल्यावर वाटी हातातच धरून म्हणाले, "हा तं लयच देखना हाये हो." आठ ग्रह एका राशीत आले त्या अष्टग्रहीच्या वर्षी गावोगावी होम चालले होते, जग बुडणार म्हणून बाया दवाखान्यात रडत यायच्या. तेव्हा सरांनी शेड रोज उघडलं. जो येईल त्याला चंद्र दाखवायचे, आणि माणसं जरा शांत होऊन खाली जायची.

मग एका पावसाळ्यानंतर आरसा धुरकटला, असं सर म्हणायला लागले.

आरशावर चांदीचा मुलामा पुढच्या अंगानं असतो, आणि पावसाळी दमटपणानं तो काळवंडतो, त्यामुळं दर दिवाळीच्या सुमाराला सर तो नव्यानं चढवायचे. शाळेच्या प्रयोगशाळेतलं चांदीच्या क्षाराचं द्रावण, जरा साखर, बाटलीभर उकळून गार केलेलं पाणी. द्रावण आधी काळंशार व्हायचं, मग गढूळ, आणि मग तळातून चांदी उगवायची. त्या वर्षी मुलामा फार सुंदर बसला होता. तरी महिन्याभरानं सरांनी तो खरवडून पुन्हा चढवला. आणि नंतर आणखी एकदा.

"देवयानी येत नाही," ते म्हणायचे. "चांदीतच काहीतरी खोट आहे."

मिस्त्री शिडीवर चढले. "मले तं झकास दिसून राह्यली, सर."

"तुम्हाला सवय झालीय, मिस्त्री. तुम्ही आठवणीनं पाहता."

सर असं तोडून कधी बोलत नसत. मिस्त्री उतरले. मग मी चढले. नजर बाजूला ठेवली. देवयानी आली, नेहमीसारखी.

त्यानंतर मी सरांकडे पाहायला लागले. शेजारी ठेवलेल्या रॉकेलच्या डब्याला त्यांचा पाय लागायचा. मी अगदी खांद्याशी उभी असले तरी ते "बाई कुठं गेल्या?" असं समोर पाहून विचारायचे. सायकल त्यांनी सोडली होती, चेन खराब आहे म्हणायचे. डोळ्यांचे डॉक्टर आमच्या दवाखान्यात अधूनमधून येत, त्यांच्या हाताखाली मी काम केलं होतं. हे काय असू शकतं ते मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणून मी चहाचा थर्मास भरण्यातच वेळ काढायची.

मी गॅरेजवर जाऊन मिस्त्रींना सांगितलं. ते एका ट्रकच्या खाली होते, बाहेर आलेच नाहीत. खालूनच म्हणाले, "आरशात खोट नाई, हे मले तवाच समजलं होतं. पन त्याईले सांगनं माह्याच्यानं होनार नाई, बाई. तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही तिघं वर होतो. छप्पर उघडलं होतं, तारे यायला अवकाश होता. मी म्हटलं, "सर, जरा बसा. माझ्या नाकाकडे पाहा. नजर हलवायची नाही. माझा हात दिसला की सांगा."

"आज मास्तरची परीक्षा?" सर हसले, पण बसले.

मी उजवा हात लांब बाजूला धरला आणि बोटं हलवत हळूहळू आत आणायला लागले. हात खांद्याच्या रेषेत आला. गालापाशी आला. सर माझ्याकडे पाहत शांतपणे वाट पाहत होते. मिस्त्रींनी तोंड फिरवून घेतलं.

"आणा ना हात," सर म्हणाले.

"आणलाय, सर."

खाली शेतातून कोणीतरी बैलांना हाकारत घरी निघालं होतं, तो आवाज बराच वेळ येत राहिला. मग सरांनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला, हळूहळू बाजूला नेला, परत समोर आणला. असं दोनतीनदा केलं.

"म्हणजे चांदी चांगली आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"बरं झालं."

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली थेंबांनी आणि ऑपरेशननं राखता येईल, म्हणाले. ऑपरेशन झालं, आणि ते उरलेलं खरोखर राहिलं, मधोमध एक खिडकी असावी तसं. "आता मीच नळी झालो," सर सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला हसावं की काय ते कळायचं नाही. पुस्तक एकेक शब्द करत वाचता यायचं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा. पण दुर्बिणीतून जे बाजूला पाहून दिसतं, ते सगळं गेलं होतं.

महिना-दोन महिन्यांनी त्यांनी आम्हाला सांगितलं की दुर्बीण नागपूरच्या एका कॉलेजला द्यायची. तिथले प्राध्यापक न्यायला तयार होते.

मिस्त्री उभेच राहिले. "कायले द्याची? मी हावो ना! मी पाहीन तिचं."

"आरशाला दरवर्षी चांदी लागते, मिस्त्री."

"शिकीन चांदी लावाचं. तुमी बसून सांगा, मी करतो."

"कराल. मला ठाऊक आहे. पण ती आता माझ्यासाठी जपाल तुम्ही. पाहणारं कोणी नसलं तरी पुसत बसाल. आणि कुठं गंज धरला तर मला दिसायचं नाही, आणि तुम्ही सांगायचे नाही. तिथं पोरं रांगा लावून पाहतील. तिला पाहणारे डोळे पाहिजेत."

"म्हंजे आमचे डोये डोये नाईत?" मिस्त्री म्हणाले, आणि कंदील न घेताच टेकडी उतरून गेले.

कितीतरी दिवस ते वर आले नाहीत. सर रोज विचारायचे, आणि मी काहीतरी कारण सांगायची. माझीही बदली झरीच्या दवाखान्यात होणार अशी बोलवा होती, ती मी सांगितली नव्हती; पण सरांना बहुधा कुठून तरी कळलं होतं. शेवटी कॉलेजचा ट्रक यायचा दिवस ठरला, हे सांगायला मी गॅरेजवर गेले. मिस्त्रींनी हात पुसत ऐकून घेतलं.

"त्याईचा ड्रायवर आदळत नेईन तिले," ते म्हणाले. "सांगून द्या, ट्रक नोका पाठवू. माह्या ट्रकात जाईन ते."

निघायच्या आदल्या संध्याकाळी सरांनी सगळ्या गावाला बोलावलं. मार्गशीर्षाची थंडी होती. लोक घोंगड्या पांघरून आले, बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या. पश्चिमेला शनी होता. एकेकानं पाहिलं, अगदी निवांत, कोणी कोणाला घाई केली नाही. सगळ्यात शेवटी सर चढले. मिस्त्री खाली शिडी धरून उभे होते, त्यांनी मला शिवू दिली नाही.

शनी एवढासाच असतो, तो सरांच्या उरलेल्या खिडकीत बरोबर मावत होता. त्यांनी किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. एक लेकरू रडायला लागलं, त्याच्या आईनं पदराखाली घेतलं. मग वरून सरांचा आवाज आला, वर्गात असतो तसा. "कडी अरुंद होत चाललीय. एक-दोन वर्षांत एका रेघेएवढी होईल, मग दिसेनाशी. आणि नंतर पुन्हा उघडेल."

उतरल्यावर त्यांनी मिस्त्रींना दुर्बीण देवयानीवर लावायला सांगितली आणि मला म्हणाले, "तुम्ही पाहा."

मी पाहिलं.

"आहे?"

"आहे, सर."

"बरं," ते म्हणाले, आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसले.

सकाळी आम्ही ती उतरवली. मिस्त्रींनी एकेक बोल्ट काढून फडक्यात बांधला. आरसा सरांनी स्वतः धुतला, पाण्याची नुसती धार सोडून, बोटही न लावता. तो शेडबाहेर आणून ठेवला तेव्हा त्याच्यात सरांचा चेहरा इतका मोठा दिसला की सगळा आरसा नुसत्या चेहऱ्यानंच भरला. मग ते बाजूला झाले, आणि झाकायच्या आत ऊन आरशावर आलं. जवळ लावलेल्या बांबूतून धूर निघायला लागला. मिस्त्रींनी धावत जाऊन घोंगडी टाकली.

"काय झालं?" सर विचारत होते, त्यांना फक्त वास आला होता.

"बांबू जाळला तिनं!"

सर हसायला लागले. मग मिस्त्री, मग मी. तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिलो, त्या पाण्यात हसण्याचं किती आणि दुसरं किती, कोणी पाहिलं नाही.

नळी गवतावर आडवी टाकून दोरांनी बांधली. सरांनी ट्रकवर चढून प्रत्येक गाठ हातानं चाचपली. मी माझ्या गोधडीत गुंडाळलेला आरसा मांडीवर घेऊन मिस्त्रींच्या शेजारी बसले. सर आमच्याबरोबर येणार नव्हते. "तिथं मी पाहुणा दिसेन," ते म्हणाले. त्यांनी खिडकीतून हात आत घालून गोधडीवर ठेवला, क्षणभर, ताप पाहावा तसा. मिस्त्रींनी गाडी सुरू केली आणि इतकी सावकाश नेली की बैलगाड्या आम्हाला मागं टाकून जाव्यात. वळणावर मी मागं पाहिलं. सर अजून समोरच पाहत होते, जिथं ट्रक उभा होता तिथं.

कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण बसवायला दोन दिवस गेले. प्राध्यापक भले माणूस होते. मुलं-मुली गोळा झाली, आणि मिस्त्रींनी त्यांना एक्सल फिरवून दाखवला. "तेल नोका देऊ हं, ग्रीसच द्याची. अन् जोर नाई लावाचा. बोटानं फिरते ते." एका मुलीनं खरंच बोटानं फिरवून पाहिलं, आणि ती मोठी नळी हळूच वळली. मिस्त्रींनी मान हलवली. तिथून निघेपर्यंत ते पुन्हा तिच्याकडे गेले नाहीत.

परतताना रिकामा ट्रक फार आदळत होता. हिंगणघाटला चहाला थांबलो, तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा बोलले. "सर बरोबर होते, बाई. त्या पोरीचा हात पाह्यला ना तुमी?"

झरीकडची माझी बदली पुढच्या वर्षी झाली. त्याआधीच्या श्रावणातली एक संध्याकाळ मला सगळ्यांत जास्त आठवते. शेडमध्ये आता नुसता सिमेंटचा ओटा होता, पण सरांनी शनिवार मोडला नव्हता. शाळेची पोरं यायची, सर ओट्यावर बसून हातानं आभाळ दाखवायचे, आणि एखादा तारा कुठं असेल हे त्यांना पाठ असल्यामुळं बोट कधी चुकायचं नाही. त्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. सरांच्या ते लक्षात आलं नसावं.

"ही चित्रा," ते म्हणाले. "आणि इथून वर या, ही स्वाती. जरा तांबूस. दिसली?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक मुलगी म्हणाली, "सर, आभाळ आलं हाये. काईच दिसत नाई."

"हो का?" सरांनी बोट खाली घेतलं नाही. ते जरा विचारात पडले. "मग सांगतो. तांबूस म्हणजे कशी, तर चुलीतल्या विझत्या निखाऱ्यासारखी. आणि चित्रा पांढरी, अगदी मिठासारखी."

पोरं त्या बोटाच्या दिशेनं काळ्या ढगाकडे पाहत राहिली. मिस्त्रीही पाहत होते, टोपी मागं सारून. सर सांगत गेले, एकेक तारा, त्याचा रंग, तो किती लांब, आणि कोणालाच उठावंसं वाटेना. मग टपटप थेंब पडायला लागले, पोरं ओरडत टेकडी उतरून पळाली, आणि मागून मिस्त्री सरांचा हात धरून सावकाश खाली आले, दोघंही भिजत, कशावर तरी वाद घालत.